विश्लेषण : जुनी अँटिबायोटिक्स, नवे शत्रू… त्वचेतील परजीवींवर ती खरेच चालतात का?

ट्युनिशियात त्वचेच्या लिशमॅनियासिसच्या ३७५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९५०च्या दशकात सापडलेले पॅरोमोमायसिन हे अँटिबायोटिक या चाचणीत मलमाच्या रूपात वापरले गेले आणि ते लावणाऱ्यांपैकी ८२ टक्के रुग्ण बरे झाले. एवढेच वाचले तर ‘जुन्या, साध्या औषधाने कमाल केली’ अशी पोस्ट व्हायरल व्हायला हरकत नाही. मात्र त्याच चाचणीत काही रुग्णांना औषध नसलेले नुसते मलम लावले होते. त्यांच्यापैकीही ५८ टक्के बरे झाले. जुन्या औषधांना नवे काम देण्याच्या प्रयत्नांमधली आशा आणि फसगत, दोन्ही या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहेत.

हा आजार नेमका कोणता?

लिशमॅनिया हा एकपेशीय परजीवी आहे. तो जीवाणू नाही आणि विषाणूही नाही. वाळूमाशी म्हणजेच सँडफ्लायची मादी चावली की तो माणसाच्या शरीरात शिरतो. ही माशी डासापेक्षा बरीच लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. महाराष्ट्राला तिची ओळख चांदीपुरा विषाणूमुळे आहे. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेला आणि त्या गावाचेच नाव मिळालेला हा विषाणूदेखील वाळूमाशीमार्फत पसरतो.

लिशमॅनियाचे दोन मुख्य अवतार आहेत. तो प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत पोहोचला की काळा आजार होतो. तो त्वचेतच राहिला तर चावल्याच्या जागी आधी पुटकुळी येते आणि मग कडा उंचावलेला, मध्ये खोलगट असा व्रण तयार होतो. हा व्रण महिनोन्‌महिने टिकतो. बहुतेकदा तो जीवघेणा नसतो, फारसा दुखतही नाही. मात्र तो चेहरा, हात, पाय अशा उघड्या भागांवर येतो आणि जाताना कायमचा वण ठेवून जातो. मुली आणि तरुण स्त्रियांसाठी चेहऱ्यावरचा हा वण लग्न, शिक्षण आणि समाजातल्या वावरावर परिणाम करणारा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी त्वचेच्या लिशमॅनियासिसचे ६ ते १० लाख नवे रुग्ण होतात. प्रत्यक्षात नोंद होते ती सुमारे दोन लाखांची. अफगाणिस्तान, पाकिस्तान, सीरिया, इराण, अल्जीरिया, ब्राझील, कोलंबिया हे देश सर्वाधिक प्रभावित देशांमध्ये मोडतात. युद्ध, स्थलांतर, तंबूंच्या वसाहती आणि ढिगाऱ्यात गेलेली शहरे हे वाळूमाशीला पोषक वातावरण असते.

भारतात तो कुठे आढळतो?

एकेकाळी या व्रणाला ‘दिल्ली बॉइल’ असेच नाव होते. बगदाद आणि अलेप्पो या शहरांच्या नावानेही तो ओळखला जाई. आज भारतात तो प्रामुख्याने राजस्थानातील बिकानेर परिसरात दिसतो. हिमाचल प्रदेशातील सतलज खोरे आणि केरळमधील पश्चिम घाटातील आदिवासी वस्त्या येथूनही रुग्णांची नोंद झाली आहे. बिकानेरमधील परजीवीची प्रजाती वेगळी आहे, तर हिमाचल आणि केरळमध्ये काळ्या आजाराच्या प्रजातीचे नातलग त्वचेचा आजार घडवताना आढळले आहेत. प्रजाती बदलली की औषधाचा परिणामही बदलू शकतो, त्यामुळे हा तपशील महत्त्वाचा आहे.

बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशचा काही भाग हा काळ्या आजाराचा पट्टा आहे. तिथे या आजाराचा त्वचेवरचा आणखी एक प्रकार दिसतो. काळा आजार बरा झाल्यानंतर काही महिने किंवा वर्षांनी काही रुग्णांच्या त्वचेवर फिकट चट्टे आणि गाठी येतात. वरवर पाहता ते कुष्ठरोगासारखे दिसतात. फरक असा, की कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा असतो आणि इथे संवेदना शाबूत असते. या रुग्णांना फारसा त्रास होत नाही, म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत. त्यांच्या त्वचेतील परजीवी मात्र वाळूमाशीमार्फत पुन्हा गावात पसरू शकतो.

आजवरचे उपचार अपुरे का पडले?

शतकभर या आजारावरचे मुख्य अस्त्र होते अँटिमनी या धातूची संयुगे. कोलकात्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या सुमारास युरिया स्टिबामाइन तयार केले आणि काळ्या आजाराने मरणारी असंख्य माणसे वाचली. त्याच कुळातील नंतरची औषधे आजही अनेक देशांत पहिली निवड आहेत.

मात्र हा उपचार सोसायला कठीण आहे. अनेक रुग्णांना सुमारे २० दिवस रोज इंजेक्शन घ्यावे लागते किंवा थेट व्रणात वारंवार सुई टोचावी लागते. हृदयाचे ठोके, यकृत आणि स्वादुपिंड यांवर दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय बिहारमध्ये १९९०च्या दशकापर्यंत मुझफ्फरपूर परिसरातील निम्म्याहून अधिक काळा आजार रुग्णांवर अँटिमनीचा उपयोग होईनासा झाला होता.

चेहऱ्यावरच्या एका व्रणासाठी आठ वर्षांच्या मुलीला २० इंजेक्शने द्यायची का, हा डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न असतो. म्हणूनच घरी लावता येईल असे मलम किंवा तोंडाने घ्यायची गोळी यांचा शोध सुरू झाला. नवे औषध शून्यातून तयार करायला दहा-पंधरा वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. हे रुग्ण गरीब आहेत, त्यामुळे तो पैसा घालायला औषध कंपन्या पुढे येत नाहीत. मग नजर वळते ती कपाटात आधीच असलेल्या औषधांकडे. यालाच ‘ड्रग रिपर्पझिंग’ म्हणतात. माणसाला किती डोस चालतो आणि दुष्परिणाम काय होतात हे आधीच ठाऊक असल्याने बरीच वर्षे वाचतात.

जीवाणूंवरचे औषध परजीवीवर कसे चालते?

पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामागे मातीतील ‘स्ट्रेप्टोमायसीस’ जातीच्या जीवाणूंचा मोठा हात असतो. हेच जीवाणू शेजारच्या सूक्ष्मजीवांना मारण्यासाठी रसायने तयार करतात. त्यातूनच माणसाला असंख्य अँटिबायोटिक्स मिळाली. पॅरोमोमायसिन, अँफोटेरिसिन बी आणि टेट्रासायक्लिन ही सगळी याच कुळाची देणगी आहे.

ही औषधे परजीवीला तीन वेगवेगळ्या मार्गांनी गाठतात.

पहिला मार्ग पॅरोमोमायसिनचा. जीवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणारा जो कारखाना असतो, म्हणजे रायबोसोम, त्याला हे औषध चिकटते आणि काम बिघडवते. लिशमॅनियाचा रायबोसोम माणसाच्या रायबोसोमपेक्षा इतका वेगळा आहे, की औषध तिथेही बसते.

दुसरा मार्ग अँफोटेरिसिन बीचा. हे मुळात बुरशीवरचे औषध. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, औषध त्याला धरून आवरणाला भोके पाडते. लिशमॅनियाच्या आवरणातही त्याच जातीचा पदार्थ असतो. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते, म्हणून आपण तुलनेने वाचतो. पूर्णपणे नाही, कारण मूत्रपिंडावर त्याचा परिणाम होतोच.

तिसरा मार्ग आडवळणाचा आहे. आफ्रिकेत ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ नावाचा आजार आहे. त्यात त्वचेखाली जंत राहतात, त्यांच्या पिल्लांमुळे असह्य खाज सुटते आणि पुढे दृष्टी जाते. या जंताच्या शरीरात व्होल्बाकिया नावाचे जीवाणू असतात आणि त्यांच्याशिवाय जंत प्रजननच करू शकत नाही. मुरमांपासून लेप्टोस्पायरोसिसपर्यंत वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे जीवाणू मारते आणि जंत वांझ होतो. अडचण अशी, की त्यासाठी गोळ्या चार ते सहा आठवडे रोज घ्याव्या लागतात आणि गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना हे औषध साधारणपणे टाळले जाते. त्यामुळे गावच्या गावाला ते वाटणे शक्य होत नाही.

५८ टक्क्यांच्या आकड्याचा अर्थ काय?

आता पुन्हा ट्युनिशियाकडे. चाचणीत तीन गट होते. एका गटाला पॅरोमोमायसिन आणि जेंटामायसिन या दोन अँटिबायोटिक्सचे एकत्र मलम, दुसऱ्याला फक्त पॅरोमोमायसिनचे मलम आणि तिसऱ्याला औषधाविना तेच मलम. दिवसातून एकदा, २० दिवस. बरे होण्याचे प्रमाण अनुक्रमे ८१, ८२ आणि ५८ टक्के होते.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, औषध खरोखर काम करते. फरक सुमारे २४ टक्क्यांचा आहे आणि तो योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही. दोन, जेंटामायसिन घालून काहीच फायदा झाला नाही. दोन औषधे एकापेक्षा बरी, हा समज इथे टिकला नाही. तीन, हा आजार अनेकांच्या बाबतीत आपोआप बरा होतो. म्हणजे शंभर जणांनी व्रणावर हळद, तुरटी, टूथपेस्ट किंवा कोणतेही मलम लावले, तरी पन्नासहून अधिक जण काही महिन्यांत ‘याने गुण आला’ असे प्रामाणिकपणे सांगतील. ते खोटे बोलत नसतील, फक्त न लावताही काय झाले असते हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात तुलनेचा गट नसेल, तर कोणतेही औषध यशस्वी दिसते. एखाद्या डॉक्टरने ‘माझ्या ३० रुग्णांपैकी २० जण बरे झाले’ असे सांगितले, तर तो पुढच्या अभ्यासासाठीचा धागा असतो, पुरावा नसतो.

आणखी एक मर्यादा आहे. ट्युनिशियातील परजीवी ज्या प्रजातीचा होता, ती बिकानेरमध्ये मुख्य नाही. परजीवी त्वचेच्या वरच्या थरात उघडा बसलेला नसतो. आपल्याच रोगप्रतिकारक पेशींच्या आत तो लपतो. मलमातील औषधाला आधी त्वचा आणि मग ती पेशी ओलांडावी लागते. दक्षिण अमेरिकेतील काही प्रजाती पुढे नाक आणि तोंडाच्या आतील भाग पोखरतात. तिथे वरचा व्रण मलमाने भरला, तरी आत राहिलेला परजीवी धोकादायक ठरू शकतो.

नापास झालेली औषधे कोणती?

अझिथ्रोमायसिन हे भारतीय घरांत सहज सापडणारे नाव. सर्दी-खोकल्यालाही ते सर्रास घेतले जाते. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्याने लिशमॅनियाविरुद्ध थोडी आशा दाखवली. दिवसातून एक गोळी, फारसे दुष्परिणाम नाहीत, त्यामुळे ते आदर्श ठरले असते. पण दक्षिण अमेरिकेत रुग्णांवर अँटिमनीशी थेट तुलना केली तेव्हा ते स्पष्टपणे मागे पडले.

बिकानेरची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या डॉक्टरांनी क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि कुष्ठरोगावरील डॅप्सोन ही औषधे त्वचेच्या लिशमॅनियासिसवर वापरून पाहिली. छोट्या अभ्यासांत निष्कर्ष उत्साहवर्धक होते. गोळ्या स्वस्त आणि उपलब्ध होत्या. तरीही ही पद्धत जगभरातील मुख्य उपचार बनली नाही. रुग्णसंख्या थोडी होती, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि रिफाम्पिसिन हा त्यांच्या उपचाराचा कणा आहे. एखाद्याला न ओळखलेला क्षय किंवा कुष्ठरोग असेल आणि त्याला व्रणासाठी एकटे रिफाम्पिसिन आठवडेच्या आठवडे दिले, तर त्या जीवाणूंमध्ये प्रतिरोध तयार होऊ शकतो. व्रण भरेल, पण क्षयाचे औषध निकामी होईल. जुने औषध नव्या कामाला लावताना त्याचे आधीचे काम धोक्यात येत नाही ना, हे पाहावे लागते.

खरजेवर जुन्या औषधाने काय साधले?

त्वचेचा दुसरा मोठा परजीवी म्हणजे खरजेचा किडा. एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, वसतिगृहे, आश्रमशाळा, तुरुंग इथे खरूज झपाट्याने पसरते. जगात कोणत्याही क्षणी २० कोटींहून अधिक लोकांना ती असते, असा अंदाज आहे. खाजवून झालेल्या जखमांमध्ये जीवाणू शिरतात आणि त्यातून पुढे मूत्रपिंडापर्यंत त्रास जाऊ शकतो.

आयव्हरमेक्टिन हेही स्ट्रेप्टोमायसीसच्याच कुळातले. जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांना जपानमधील एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत हा जीवाणू सापडला. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना यासाठी २०१५ मध्ये नोबेल मिळाले. रूढ अर्थाने त्याला अँटिबायोटिक म्हणत नाहीत, कारण ते जीवाणूंवर नव्हे तर जंत आणि किड्यांवर चालते. आधी ते गुराढोरांसाठी आले, मग १९८७ पासून रिव्हर ब्लाइंडनेससाठी माणसांना दिले गेले.

फिजी बेटांवर त्याची खरजेसाठी मोठी परीक्षा झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका बेटसमूहावर फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना नेहमीचा उपचार दिला, दुसरीकडे सर्वांना पर्मेथ्रिन मलम आणि तिसरीकडे सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. वर्षभरानंतर खरजेचे प्रमाण नेहमीच्या उपचाराने ४९ टक्के, मलमाने ६२ टक्के आणि गोळ्यांनी तब्बल ९४ टक्के घटले. त्वचेतील पूयुक्त जखमाही कमी झाल्या. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

विदर्भातील अनेकांनी हे औषध नकळत घेतलेही आहे. हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत तीन औषधांचा एकत्रित डोस देणाऱ्या देशातील सुरुवातीच्या जिल्ह्यांत नागपूर होते. त्या तिघांपैकी एक आयव्हरमेक्टिन आहे.

मग कोविडमध्ये हेच औषध वादात का सापडले?

एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिनने पेशींमधील करोना विषाणू घटवल्याचे दिसले. त्यासाठी वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने पोहोचते त्यापेक्षा कितीतरी अधिक होती. समाजमाध्यमांवर पसरला तो फक्त पहिला भाग. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांबाहेर ते कोविडसाठी वापरू नये असे सांगितले. तरीही मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना ते प्रतिबंधक म्हणून देण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२१ मध्ये कोविड उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून ते वगळण्यात आले. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. आयव्हरमेक्टिनमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते.

एकच गोळी, दोन वेगळे निकाल. खरजेच्या किड्यावर जबरदस्त, करोनावर निष्प्रभ. कोविडमधल्या अनुभवामुळे ‘हे औषधच बोगस’ म्हणणे जितके चूक, तितकेच खरजेवरच्या यशामुळे ‘हे सगळ्यावर चालते’ म्हणणेही चूक. औषध ‘जुने आणि सुरक्षित’ असल्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या डोसमध्ये ते सहसा इजा करत नाही. नव्या आजारावर ते चालेल का, हा प्रश्न दर वेळी शून्यापासूनच विचारावा लागतो.

सिद्ध झालेले औषधही रुग्णापर्यंत का पोहोचत नाही?

पॅरोमोमायसिनच्या इंजेक्शनची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी बिहारमध्ये काळा आजाराच्या ६६७ रुग्णांवर झाली. त्यांतील पॅरोमोमायसिन घेणाऱ्यांपैकी ९४.६ टक्के रुग्ण बरे झाले. एका ना-नफा संस्थेने हे काम हाती घेतले, हैदराबादच्या ग्लँड फार्माने उत्पादन केले आणि २००६ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले असल्याने नफ्यासाठी कोणी हे केले नसते.

इथेच गाडी अडते. नव्या वापरासाठी मोठी चाचणी करायला कोट्यवधी रुपये लागतात. चाचणी यशस्वी झाली तरी कोणतीही दुसरी कंपनी तेच स्वस्त औषध विकू शकते. मग खर्च कोण करणार? याला उत्तर म्हणून २००३ मध्ये जिनिव्हात ‘ड्रग्ज फॉर निग्लेक्टेड डिसीझेस इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएमआर, तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे.

बाजाराला आमिष दाखवण्याचा प्रयत्न अमेरिकेनेही केला. दुर्लक्षित आजारावर औषध मंजूर करून घेणाऱ्या कंपनीला बक्षीस म्हणून एक ‘व्हाउचर’ मिळते. ते वापरून दुसऱ्या कोणत्याही औषधाची तपासणी लवकर करून घेता येते आणि ते विकताही येते. मिल्टेफोसिन हे मूळचे कर्करोगासाठी विकसित झालेले औषध. ते अँटिबायोटिक नाही, पण लिशमॅनियावरची पहिली गोळी तीच. बिहारमधील चाचण्यांनंतर भारताने २००२ मध्येच तिला मंजुरी दिली होती. २०१४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळवणाऱ्या कॅनडातील कंपनीला व्हाउचर मिळाले आणि तिने ते १२ कोटी ५० लाख डॉलरला विकले. ज्या रुग्णांवर औषध आधीच तपासले गेले होते, त्यांच्यापर्यंत ते सहज आणि स्वस्तात पोहोचावे, अशी अट या बक्षिसाला नव्हती.

उलट उदाहरणही आहे. लायपोसोम या चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधलेल्या अँफोटेरिसिन बीचा एकच डोस काळ्या आजारासाठी पुरेसा ठरतो, हे बिहारमधील अभ्यासाने दाखवले. उत्पादक कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते देणगी म्हणून दिले आणि भारताच्या कार्यक्रमात ते पहिली निवड बनले. घरोघरी फवारणी आणि रुग्णशोध यांची जोड मिळाली. २००७ मध्ये देशात काळ्या आजाराचे ४४ हजारांहून अधिक रुग्ण होते, आता ही संख्या वर्षाला हजाराच्या खाली आली आहे. मात्र देणगीवर उभा असलेला कार्यक्रम देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत केलेल्या मोठ्या कपातीत दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांचा कार्यक्रमही सापडला, तेव्हा हे जगाने पाहिले.

अँटिबायोटिक प्रतिरोधाचे काय?

२०१९ या एका वर्षात जीवाणूंच्या औषध-प्रतिरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२.७ लाख आहे. अशा काळात अँटिबायोटिकचा आणखी एक वापर शोधणे म्हणजे आगीत तेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णपणे चुकीचा नाही.

मात्र सगळे वापर सारखे नसतात. एका व्रणावर २० दिवस लावलेले मलम आणि संपूर्ण गावाला सहा आठवडे दिलेल्या गोळ्या यांचा धोका एक नाही. म्हणूनच ट्युनिशियातील जेंटामायसिनचा निकाल उपयोगी आहे. जे अँटिबायोटिक काही भर घालत नाही, ते काढून टाकता येते. प्रतिरोधाची किंमत मोजायची असेल, तर ती खात्रीच्या फायद्यासाठीच मोजावी.

भारतातील खरी गळती वेगळीकडे आहे. त्वचेवर काहीही उठले, की औषध दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम आणून लावले जाते. स्टिरॉइडमुळे दोन दिवस खाज थांबते, मूळ आजार मात्र आत पसरतो. खरूज असेल तर लक्षणे झाकली जातात आणि घरातील बाकीच्यांना लागण होते. २०१८ मध्ये केंद्राने अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकले. मात्र कागदावरचा नियम आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला व्यवहार यात अंतर आहे.

सामान्य माणसाने काय लक्षात ठेवावे?

कित्येक आठवडे न भरणारा, फारसा न दुखणारा व्रण असेल आणि राजस्थान, हिमाचल, आखाती देश किंवा दक्षिण अमेरिकेचा प्रवास झालेला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. व्रणाच्या कडेचा नमुना तपासूनच लिशमॅनियाचे निदान होते, फोटो पाहून नाही. बिहार किंवा झारखंडमधून आलेल्या आणि पूर्वी काळा आजार झालेल्या कामगाराच्या त्वचेवर फिकट चट्टे दिसले, तर कुष्ठरोगाबरोबरच ही शक्यताही तपासायला हवी.

खरूज असेल तर घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच वेळी उपचार घ्यावा लागतो. कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते. आयव्हरमेक्टिनची गोळी १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सहसा दिली जात नाही, त्यामुळे शेजाऱ्याची उरलेली गोळी घेणे हा उपाय नाही.

‘जुन्या औषधाने नवा आजार बरा’ अशी पोस्ट पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे काचेच्या बशीत दिसले की माणसात? औषध न घेतलेल्यांचे काय झाले? आणि आजार घडवणारा परजीवी, त्याची प्रजाती आणि प्रदेश तोच आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असलेली जुनी औषधे थोडी आहेत. पॅरोमोमायसिनचे मलम हे त्यांपैकी एक. त्याचा परिणाम सिद्ध होऊन दशक उलटले, तरी काबूल किंवा पेशावरमधील मुलीला अजूनही बहुधा सुईच टोचली जाते. तिच्या बाबतीत विज्ञानाने आपले काम बऱ्यापैकी केले आहे. मलम कोण बनवणार आणि त्याचे पैसे कोण देणार, एवढेच ठरायचे राहिले आहे.